वाचकांचे प्रश्न : ‘द आफ्रिकन क्वीन’मधले प्रेम खरे का वाटते?

प्रश्न : ‘द आफ्रिकन क्वीन’ हा १९५१ चा इंग्रजी चित्रपट आम्ही नुकताच घरी पाहिला. धर्मप्रचारकाची करारी बहीण आणि जिनच्या बाटल्या बाळगणारा बोटवाला थोड्याच दिवसांत प्रेमात पडतात, हे मुलांना पटले नाही. मला पटले, पण का ते सांगता येईना. त्यातील जर्मन युद्धनौकेची गोष्ट खरी आहे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : चित्रपट सी. एस. फॉरेस्टर यांच्या १९३५ च्या कादंबरीवर आधारलेला असून रोझ आणि चार्ली ही काल्पनिक पात्रे आहेत. मात्र पहिल्या महायुद्धात आफ्रिकेतील टांगानिका सरोवरावर जर्मन नौकांचा वचक होता आणि तो मोडण्यासाठी ब्रिटिशांनी १९१५ मध्ये ‘मिमी’ व ‘तूतू’ या दोन मोटारबोटी केपटाउनहून रेल्वेने आणि मधल्या जंगलातून ओढत तिथवर नेल्या, हा इतिहास आहे. तिथली मोठी नौका ‘ग्राफ फॉन गोट्झेन’ जर्मनांनी १९१६ मध्ये स्वतःच बुडवली. पुढे ती वर काढण्यात आली आणि १९२७ पासून ‘लिएम्बा’ या नावाने प्रवासी नेऊ लागली.

प्रेमाबद्दल तुमचे मन बरोबर सांगत होते. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी या दोघांच्या हाती आधी नदीतून बोट नेऊन जर्मन युद्धनौका बुडवण्याचे काम दिले आणि प्रेम त्या कामातून वाढू दिले. पहिल्या खळाळत्या उतारावरून बोट गेली की बाई घाबरून माघार घेईल, असा चार्लीचा होरा असतो. रोझचा चेहरा मात्र उजळून निघतो. गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागल्यावर पुलावर गर्दी का लोटते, हे जाणणाऱ्या नाशिककराला तो आनंद समजावून सांगावा लागणार नाही. पुढे खडकावर आपटून बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा वाकतो आणि पाते तुटते. इथे दुरुस्ती अशक्य आहे, असे चार्ली म्हणतो. पण तिच्या आग्रहामुळे तो काठावर आग पेटवून दांडा सरळ करतो आणि नवे पाते जोडतो. आपल्यात हे कसब आहे, हे त्याला तिच्यामुळे उमगते. ती त्याला त्याचे पहिले नाव विचारते तेव्हा दोघे एकमेकांचे झालेले असतात, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो.

मुलांना जळवांचा प्रसंग पुन्हा दाखवा. चित्रीकरण बरेचसे काँगो आणि युगांडात झाले असले, तरी हा भाग लंडनच्या स्टुडिओतला आहे. परिणाम मात्र तसूभरही उणावत नाही. अंगभर जळवा चिकटलेला, किळसेने थरथरणारा चार्ली बोटीवर येतो आणि ओढल्याशिवाय बोट हलणार नाही हे कळताच पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. रोझ त्याला अडवत नाही, कारण दुसरा उपाय नाही हे दोघांनाही ठाऊक असते. हम्फ्री बोगार्ट यांना त्यांचे एकमेव ऑस्कर चार्लीच्या याच भूमिकेने मिळवून दिले.