भेट आणि ताटातुटीवरची एकच जुनी चिनी कविता वाचायची तर कोणती?

आठव्या शतकातला चिनी कवी तू फू याची. वेई घराण्यातल्या एका जुन्या मित्राला उद्देशून त्याने ती इ. स. 759 च्या सुमारास लिहिली. 755 मध्ये आन लूशान या सेनापतीचं बंड पेटलं होतं आणि अर्धा देश उद्ध्वस्त झाला होता. अशा काळात वीस वर्षांनी दोघे भेटतात.

सुरुवातच पाहा: माणसं एकमेकांना दुरावतात ती शेन आणि शांग या ताऱ्यांसारखी. शेन म्हणजे आपल्या मृगातले तीन तारे, शांग म्हणजे ज्येष्ठा. एक उगवेपर्यंत दुसरा मावळत आलेला असतो. गच्चीवर जाऊन पाहा, दोन्ही एका वेळी आकाशात सहसा दिसत नाहीत. मला ही उपमा कळली त्या रात्री झोप आली नव्हती.

पुढे सगळं घरगुती. मागे भेटलो तेव्हा तुझं लग्नही झालं नव्हतं, आज मुलं रांगेत उभी राहून विचारतात, पाहुणे कुठून आले? जुन्या मित्रांची चौकशी करावी तर निम्मे गेलेले. रात्रीच्या पावसात कापून आणलेली कोवळी हिरवी पात, राळे घातलेला ताजा गरम भात, लागोपाठ दहा प्याले, तरी नशा चढत नाही.

आणि शेवटी, उद्या आपल्यामध्ये पुन्हा डोंगर. पुढचं काय, ते दोघांनाही ठाऊक नाही.

त्याच काळातला दुसरा कवी वांग वेई याची निरोपाची चार ओळींची कविताही सुंदरच आहे (यांग खिंडीपलीकडे जुना मित्र नाही, म्हणून आणखी एक प्याला घे), पण आधी ही वाचा.