रे-बॅन चष्म्याच्या काडीवर ‘मेड इन चायना’ लिहिलंय, म्हणजे फ्रेम नकली का?

गोखले रोडवरच्या दुकानातून घेतलेल्या रे-बॅनच्या काडीवर आतून ‘मेड इन चायना’ दिसलं म्हणून तुम्ही धास्तावलात. नुसत्या तेवढ्यावरून फ्रेम नकली ठरत नाही. रबाळे एमआयडीसीत फ्रेमची जोडणी करणाऱ्या एका युनिटचं खरेदी खातं मी बरीच वर्षं सांभाळतोय, म्हणून सांगतो.

रे-बॅन मूळची अमेरिकन. १९९९ मध्ये इटलीच्या लक्सोटिकाने ती बॉश अँड लोंबकडून विकत घेतली. लक्सोटिकाचे कारखाने इटलीत आहेतच, शिवाय चीनमध्ये डोंगग्वानला आणि आपल्याकडे राजस्थानात भिवाडीलाही आहेत. अस्सल मालावर यांतल्या कुठल्याही देशाचं नाव सापडू शकतं.

बरं, ते नाव म्हणजे सगळे भागही तिथलेच असं नव्हे. शेवटचं मोठं काम जिथे झालं, साधारण त्यावरून देश ठरतो. ॲसिटेटची, म्हणजे फ्रेमच्या प्लास्टिकची शीट इटलीची, बिजागरी जर्मनीची आणि स्क्रू, नोजपॅड चीनचे, हे आमच्याकडे रोजचंच. जोडणी परदेशात देताना सगळे फक्त मजुरी बघतात असं लोकांना वाटतं. पण चीनमध्ये शेनझेन, वेनझौच्या आसपास स्क्रूपासून डबीपर्यंत सगळं जवळच मिळतं, माल संपला तर लाइन थांबत नाही. आमचा एक कंटेनर न्हावाशेव्याला अडकला की इथे बायका हात बांधून बसून राहतात.

खरी परीक्षा बिजागरीत होते. एकदा पुरवठादाराने आम्हाला न विचारता स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्याच्या आट्यांवर असतो तो निळा नायलॉनचा लेप गाळला. पैशापैशाची बचत. स्क्रू बसले झकास, तपासणीत पास झाले. दोन महिन्यांनी दुकानदारांचे फोन सुरू झाले, काड्या लुळ्या पडताहेत म्हणून. परत आलेल्या फ्रेमचा एकेक स्क्रू आम्ही हाताने बदलला. ते दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कुठलाही लॉट आला की दहा-बारा स्क्रू भिंगाखाली धरल्याशिवाय मी सही करत नाही.

तुम्ही एवढं करा. काडी हळू उघडा-मिटा, शेवटपर्यंत सारखाच ताण जाणवायला हवा. फ्रेम टेबलावर उलटी ठेवा, डुगडुगायला नको. काडीच्या आतला मॉडेल नंबर बिलावरच्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. दुकानदार कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का तेही विचारा, आणि पक्कं बिल नसेल तर आजच जाऊन मागून घ्या.