ऑपेरा गायक व्हायचं तर लहानपणापासूनच शिकावं लागतं का? विशीत सुरुवात केली तर उशीर होतो का?

नाही, उशीर होत नाही. व्हायोलिन किंवा पियानोला पाच-सहाव्या वर्षी हात लागला तर बरं, पण गळ्याचं गणित वेगळं. आवाज फुटून स्थिरावल्यावरच, म्हणजे साधारण सतरा-अठरानंतर, खरी तालीम सुरू होते. लहानपणी समूहगायन आणि थोडा पियानो झाला असेल तर स्वरलिपी वाचायला सोपं जातं, इतकंच.

माइक न वापरता वाद्यवृंदाच्या वर आवाज पोचवायचा असतो. हे ओरडून जमत नाही. घशातली पोकळी अशी घडवावी लागते की ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३००० कंपनं) आसपास आवाजाला धार येते. तिथे वाद्यवृंदाचा जोर कमी असतो. हे अंगात मुरायला वर्षं जातात. जोडीला इटालियन, जर्मन, फ्रेंच उच्चार आणि अभिनय.

जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांमधल्या भारी भूमिका तर तिशीनंतरच घ्याव्यात, आधी घेतल्या तर गळा बसायची भीती. वाग्नरच्या भूमिकांसाठी गाजलेली नॉर्वेची गायिका कर्स्टन फ्लागस्टाडचंच बघा: १९१३ मध्ये रंगमंचावर आली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात पहिल्यांदा गायली १९३५ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी! पोटापाण्याचं म्हणाल तर बरेच जण कोरसमध्ये गातात नाहीतर शिकवण्या घेतात.