'देशी कापूस' म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी सिनेटमध्ये २०२५ साली एक विधेयक मांडलं गेलं. तिथल्याच शेतात पिकलेला कापूस ज्या मालात वापरला असेल, त्या मालाला करसवलत द्यावी असं ते म्हणतं. त्याच्या बातमीला 'देशी कापूस खरेदीला प्रोत्साहन' असा मथळा चालेल का?

माझ्या मते चालणार नाही, आणि अडचण 'देशी' नि 'कापूस खरेदी' या दोन्हींत आहे.

कापूस पिकवणाऱ्याच्या तोंडी 'देशी' हे जातीचं नाव आहे. गावरान म्हणा की देशी, त्याच्या समोर उभा असतो तो 'अमेरिकन'. देशीचं पान खोल कातरलेलं, बोटं फाकवल्यासारखं; फूल बहुधा पिवळं, तळाशी लालसर डाग; बोंड लहान, धागा आखूड नि जाडसर. अमेरिकनचं पान रुंद, फूल दुधी रंगाचं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. आज आपल्याकडे बीटी म्हणून जी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी असते ती जवळजवळ सगळी याच अमेरिकन जातीची. म्हणजे यवतमाळच्या काळ्या मातीत पिकूनही तो कापूस देशी होत नाही, जशी आपल्या गोठ्यात जन्मलेली जर्सी देशी गाय होत नाही. मग टेक्सासच्या कापसाला देशी कसं म्हणणार? तो तर अमेरिकनचा अमेरिकन!

'स्वदेशी' थोडा बरा, कारण त्यातला 'स्व' बोलणाऱ्याबरोबर फिरतो; अमेरिकेच्या तोंडी अमेरिकेचा होतो. पण मराठी कानाला त्या शब्दात लोकमान्यांची चळवळ ऐकू येते, त्याही आधी १८७७च्या दिल्ली दरबाराला खादी घालून गेलेले सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आठवतात. ते व्रत होतं. करसवलतीच्या हिशेबाला तो शब्द लावणं मला जड जातं. 'देशांतर्गत' बाजाराला किंवा उत्पादनाला लावावा. 'देशांतर्गत कापूस' म्हटलं की वाक्य अडखळतं.

आता 'कापूस खरेदी'. महाराष्ट्रात १९७१चा कायदा झाला, पुढच्या वर्षी एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा अशी पद्धत, सुरू झाली, आणि तेव्हापासून हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यांपुढे खरेदी केंद्राबाहेरची गाड्यांची रांग, काटा, प्रत आणि भाव उभा राहतो. शेतकऱ्याकडून सरकीसकट कापूस घेणं, हा त्याचा अर्थ. अमेरिकी विधेयकात असं काही नाही. तिथे सवलत तयार मालाच्या विक्रीशी बांधलेली आहे, सदरा किंवा टॉवेल विकला जातो तेव्हाची.

म्हणून मी लिहीन: 'अमेरिकेत पिकलेल्या कापसाच्या मालाला करसवलत'. जागा कमी असेल तर 'अमेरिकी कापसाच्या मालाला करसवलत'. मात्र तिथे 'अमेरिकी'च हवं, 'अमेरिकन' नको. अमेरिकन कापूस म्हटलं की कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगवाल्याच्या मनात पुन्हा जातच येईल, आणि ती तर त्याच्या अंगणात ढिगानं पडलेली असते.