खोली दुप्पट भाड्याची, म्हणून अख्खं बिल निम्मं?

प्रश्न : पावसात अंगणातल्या शेवाळावर घसरून वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं. लांज्याहून आंबा घाटाने कोल्हापूरला नेलं. विमा ३ लाखांचा, खोलीची मर्यादा रोज ३,००० रुपये. मिळाली ती ६,०००ची. बिल २ लाख ४० हजार. कंपनीने सरसकट निम्मं कापून १ लाख २० हजार दिले. काय करता येईल?

उत्तर : भांडा. खोली मर्यादेबाहेरची घेतली की त्याच प्रमाणात इतर खर्च कापता येतो, पण सगळा नाही. औषधं, वापरून टाकायचं साहित्य, इम्प्लांट (शरीरात बसवलेला भाग) आणि तपासण्या या कपातीत धरायच्या नाहीत, असं आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०२० मध्ये ठरवून दिलं. पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ची, म्हणजे कपात लागू होणाऱ्या खर्चांची, व्याख्या शोधा, भांडण त्या चार ओळींवर आहे.

तुमच्या बिलात खोली ३० हजार आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (शस्त्रक्रियागृह) मिळून ८० हजार. यांचे निम्मे ५५ हजार. औषधं-साहित्य ४८, इम्प्लांट ६२, तपासण्या २० हजार. हे १ लाख ३० हजार पूर्ण मिळायला हवेत. एकूण १ लाख ८५ हजार, म्हणजे ६५ हजार कमी आलेत. हातमोज्यांसारख्या न मिळणाऱ्या वस्तूंचे थोडे वजा होतील, तेवढं सोडा.

आता रुग्णालयाकडून एक पत्र आणा, शिक्क्यासह : सर्जनची फी आणि ओटीचा दर खोलीप्रमाणे बदलतो की सगळ्यांना एकच? एकच असेल, तर त्या ८० हजारांवरही कात्री चालत नाही. आणखी ४० हजार तुमचे. ‘पॅकेज’ म्हणून एका ओळीत आकडा लिहिलेलं बिल मात्र निरुपयोगी, त्यातून काहीच सुटं करून दाखवता येत नाही. तुमचं तपशीलवार आहे, हे नशीब.

हा हिशेब जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही मागतील. करू नका, किंवा ‘हरकत राखून’ असं लिहून करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकीलही चालत नाही, त्यामुळे माझी गरज नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षात अर्ज करा. निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पटला नाही तर रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कोल्हापूरच्या खेपा नकोत. तिथली मुदत दोन वर्षांची. ती पैसे कापले त्या तारखेपासून धरून चाला आणि लोकपालांकडची वाट पाहताना ती संपू देऊ नका.