बाबांचा हात थरथरतो? आधी त्यांची गॅसची कॅप्सूल बघा

ताई, तुम्ही लिहिलं की ७१ वर्षांच्या बाबांचे हात चार महिन्यांपासून थरथरून राहिले, चाल मंद झाली, डॉक्टर पार्किन्सन म्हणाले, आणि हे डोपामाइन रिसेप्टर म्हणजे नेमकं काय. उत्तर लांबेल पण पूर्ण वाचा, आमच्या घरी हेच झालं होतं.

माझी आई रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची. एका दिवाळीत बघतो तर रेघ मधेच तुटून राहिली, चिमटीतून रांगोळी सुटेच ना. चेहरा सपाट, हसली तरी कळायचं नाही, आणि दोन्ही हात सारखेच जड. पार्किन्सनच्या गोळ्या सुरू झाल्या, फरक काहीच नाही. मग रामदासपेठेतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, आजी, अजून काय घेता? आई म्हणाली, काही नाही जी, फक्त गॅसची कॅप्सूल. ती रॅबेप्राझोल आणि लेवोसल्पिराइडची होती, आठ महिन्यांपासून रोज, जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणत होतो. आणणारा मीच, पाकीट कधी वाचलं नाही.

आता रिसेप्टर. आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो नं, तसं समजा. प्रवासी म्हणजे डोपामाइन, मेंदूत हालचालीचे निरोप नेणारं रसायन, आणि सीट म्हणजे रिसेप्टर, पेशीवरची ते बसायची जागा. असे रिसेप्टर पाच प्रकारचे, डी१ ते डी५, आपल्या कामाचा डी२. खऱ्या पार्किन्सनमध्ये डोपामाइन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात, म्हणजे प्रवासीच कमी, म्हणून लेवोडोपा देऊन ते वाढवतात. पण लेवोसल्पिराइड डी२ वर रुमाल टाकून बसतं, प्रवासी भरपूर असले तरी खालीच उभे, म्हणून तिथं लेवोडोपाचा फारसा उपयोग होत नाही. पोटातही डी२ असतात, ते अडवले की जठर लवकर रिकामं होतं, म्हणून हे औषध गॅसवर देतात. उलटीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करचं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांचाही हाच प्रकार, म्हाताऱ्या माणसांना जास्त बाधतात. डॉम्पेरिडोन पण डी२ च अडवतं पण मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून हात-पाय आखडण्याचा त्रास त्यानं क्वचितच होतो.

मानसिक आजाराच्या बऱ्याच गोळ्याही डी२ वरच काम करतात. बाबांना तशी काही चालू असेल तर स्वतःच्या मनानं अजिबात बंद करू नका, आजार उलटतो, मानसोपचार डॉक्टरांशीच बोला.

पार्किन्सन बहुतेक वेळा एका बाजूनं सुरू होतो, औषधाचा त्रास बरेचदा दोन्हीकडे सारखा, पण हे काही पक्कं नाही. शंका राहिलीच तर न्यूरोवाले ट्रोडॅट नावाचा मेंदूचा स्कॅन सांगतात, त्यात डोपामाइन सोडणारी पेशींची टोकं शाबूत आहेत का ते दिसतं, आणि त्रास निव्वळ औषधाचा असेल तर तो नॉर्मल येतो.

आईची कॅप्सूल डॉक्टरांनी बंद केली, सहा आठवड्यांनी हात हलके झाले, संक्रांतीला दारात पुन्हा रांगोळी होती, थोडी वाकडी, पण रेघ सलग. सगळ्यांचं असं उतरत नाही, काहींमध्ये खरा पार्किन्सन आधीपासून दबून असतो आणि औषधानं फक्त वर येतो.

उद्या डॉक्टरांकडे जाताना बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गॅसची आणि चक्करची धरून, एका पिशवीत टाकून न्या, आणि मागं बारीक अक्षरात औषधांची नावं असतात त्याचा फोटो इथं टाका, मी रात्री बघतो.