आधी काउंटर बघ

प्रिय दोस्ता,

प्रबंधासाठी तू काढलेले जुन्या बँकेच्या दालनाचे फोटो पाहिले. सगळेच्या सगळे छताचे! झुंबर, गिलाव्यातली पानाफुलं, खांबांवरची नक्षी. छान आहे रे, पण बँक काही छतावर चालत नव्हती.

एकाच फोटोत, तोही चुकून, काउंटरची कड आलीय. पितळी जाळीच्या फटीखाली सागाच्या फळीला खळगा पडलाय बघ. नोटा, नाणी, पासबुकं सरकवून सरकवून पडलेला. तिथून सुरुवात कर. कॅमेरा पिशवीतच ठेव, गार्ड तसाही हटकणारच. मॅनेजरची परवानगी काढ आणि वही घेऊन बाकावर बस. पेन्शनचा दिवस असेल तर उत्तमच. फट किती रुंद, काउंटर छातीपर्यंत येतं की कमरेपर्यंत, सगळं मोज.

मग हा थाट कोणासाठी होता, ते स्वतःला विचार. तेव्हा बँक बुडाली की ठेवीही गेल्या. आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक १९६० साली बुडाल्या, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला, तोही १५०० रुपयांपुरता. त्याआधी भिंतीची जाडीच जामीन. कापसाचे पैसे घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला वाटायला हवं, की हे दगडी धूड रातोरात गाशा गुंडाळणार नाही. पण तेच खांब बघून एखादा छोटा शेतकरी दाराशीच बिचकला असेल आणि मुकाट सावकाराकडे वळला असेल. माझ्या मते तेही नक्षीचंच काम. प्रबंधात नुसतं 'भव्य' लिहिलंस तर मी खोडणार.

उंचीचं सगळं खापर मात्र दिखाव्यावर फोडू नकोस. नागपूरचा मे तुला सांगायला नको. गरम हवा वर चढून झरोक्यांतून निघून जावी, हाही त्यामागचा हिशेब. आता झरोके प्लायवूडने बुजवून एसी बसवलेत, आणि वर वीजबिलाच्या नावाने बोंबा!

हे झालं की सिव्हिल लाइन्समध्ये जा. वास्तुविशारद हेन्री मेडने आखलेली हायकोर्टाची इमारत १९४० साली खुली झाली. घुमट नि खांब तिथेही आहेत, पण बँकेला विश्वास बसवायचा होता, कोर्टाला वचक. त्याच खांबांनी दोन कामं कशी साधली, ते रेखाटून बघ. अंतर, उंची, पायऱ्या, सगळं शेजारीशेजारी मांड.

रेखाटनं घेऊन रविवारी ये. दुपारी नको, मी झोपतो.

तुझा,
काका